टिकली लावलेला डबा

आम्ही विकलेल्या आमच्याच शेतात आता रंगाची शेड उभी आहे, आणि त्याच शेडमध्ये मी आणि माझी धाकटी जाऊ कामाला जातो. गावातल्या बाया हसतात. पूर्वी इथं भात लावायला वाकत होता, आता टेप लावायला वाकता, म्हणतात. हसू देत. भाताला चिखल होता आणि डोक्यावर पाऊस होता. इथं निदान पंखा आहे.

आमचं काम मास्किंगचं. लोखंडी जॉबवर, म्हणजे रंगवायला आलेल्या भागावर, पावडरीचा रंग मारतात आणि मग तो दोनशे डिग्रीच्या भट्टीत भाजतात. पण प्रत्येक जॉबवर काही जागा अशा असतात की तिथं रंग बसला तर जॉब वाया गेला. बोल्टचे आटे असतात, बेअरिंग बसायची जागा असते. त्या जागा आधी झाकायच्या आणि जॉब भट्टीतून बाहेर आला की उघड्या करायच्या, हे आमचं काम. रंगाच्या कंपनीत रंग लागू न देण्याचा पगार घेणाऱ्या तुम्हीच, असं माझे दीर चिडवतात.

झाकायला काय वापरायचं, यावरून माझं शेडमध्ये सगळ्यांशी एकदा तरी वाजलेलं आहे. कागदी टेप स्वस्त, हाताला गोड, पण भट्टीत पापडासारखी करपते आणि निघताना तिचा गोंद मागं ठेवते. हिरवी टेप महाग, पण ती दोनशे डिग्री सोसते आणि सोलल्यावर खाली काही उरत नाही. भोकांना सिलिकॉनची बुचं. तीही आरपार भोकाला दोन्हीकडून घट्ट बसवली तर आतली हवा तापते आणि बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. शेजारच्या शेडमध्ये प्लेटिंग चालतं, लोखंडाला मुलामा चढवतात. तिथं भट्टी नाही, ॲसिडच्या टाक्या आहेत, म्हणून तिथल्या बायका मेण नाहीतर लॅकर लावतात. त्यांचं मेण आमच्याकडे आणलं तर पहिल्या फेरीत वितळून वाहून जाईल. वस्तू बोटाला चिकटली म्हणजे झालं, असं नव्या आलेल्या प्रत्येकीला वाटतं. मी तिला सांगते, बाई, तुझ्या बोटाला काय कळतंय, भट्टीला विचार.

माझी जाऊ मात्र बोटांचीच हुशार. घरात काही मोडलं की सगळ्यात आधी ती उठते. मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग फाटली तर ती सायकलच्या ट्यूबमधून कापून बसवील, आणि ती बसतेही. मापाला तिचा डोळा असा, की भोक बघून बूच उचलते आणि तेच लागतं. मला तिचा अभिमान आहे आणि तिचा रागही येतो, आणि दोन्ही एकाच वेळी येतात.

त्या महिन्यात आमच्याकडे पत्र्याचे डबे येत होते. शेतातल्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर ज्यात बसवतात, ते. डब्याच्या आत खालच्या बाजूला रुपयाएवढी एक गोल जागा कोरी ठेवायची. तिथं अर्थिंगचा बोल्ट बसतो. डब्यात कुठं वायर उघडी पडली आणि पत्र्यात करंट उतरला, तर तो त्या बोल्टवाटे जमिनीत जातो. बोल्टखाली रंग असला तर करंटला जायला वाट नाही, मग तो डब्याला हात लावणाऱ्या माणसातून जमिनीत जातो. हे मला शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ते प्रत्येकीला सांगत आले. त्या जागेवर लावायला हिरव्या टेपच्या गोल चकत्या मिळतात. त्या पुण्याहून येतात.

चकत्या संपल्या त्या दिवशी मी पौडला होते. तहसील कचेरीत जमिनीच्या नोंदीचं काम होतं आणि तिथं एकदा गेलं की दिवस गेलाच. संध्याकाळी घरी आले तर जाऊ भाकरी थापता थापता एवढी खुशीत, की मला आधी वाटलं हिच्या माहेरून कुणी आलंय.

"आक्का, आज लॉट अडकला व्हता. चकत्या न्हाईत, टेम्पो दारात हुबा. मग मी काय केलं सांगा?"

"काय केलंस?"

तिनं पीठ लागलेलं बोट कपाळाला लावलं. "टिकली!"

तिच्या पर्समध्ये मखमली टिकल्यांची मोठ्या आकाराची पाकिटं होती, जत्रेतून आणलेली. मापाला बरोब्बर. तिनं एका डब्यात टिकली लावून तो भट्टीतून काढला. टिकली करपून काळी झालेली, पण नखानं उचलली तर खाली पत्रा कसा लख्ख. शेठनी बघितलं, खूश झाले, आणि गावातल्या दुकानातून असतील तेवढ्या टिकल्या आणायला माणूस पिटाळला. सगळ्या बायकांनी हसत हसत अख्खा लॉट टिकल्या लावून पार पाडला.

मी हसले नाही. "गोंद वितळला आसंल की गं भट्टीत."

"वितळला आसता तर दिसला आसता की. तुमीच बघा."

दुसऱ्या दिवशी मी बघितलं. अंगठा फिरवला. जागा चमकत होती आणि गुळगुळीत होती, रंगाचा कण नव्हता. बोट ठेवायला जागा सापडली नाही म्हणून मी गप्प बसले, पण मनात काहीतरी खटकत राहिलं. तशी मी खटकणारीच आहे, असं सगळे म्हणतात, म्हणून मीही फार मनावर घेतलं नाही.

आमच्या शेडमध्ये एक रीत आहे. ज्या जॉबचा रंग एकसारखा बसत नाही, संत्र्याच्या सालीसारखा दिसतो, तो गिऱ्हाईक घेत नाही. असा माल भंगारात घालण्याआधी शेठ कामगारांना विचारतात, कुणाला हवा का. त्या लॉटमधले असे थोडे डबे निघाले आणि एक माझ्या जावेनं आणला. आमच्या विकायच्या राहिलेल्या ओढ्याकाठच्या तुकड्यात विहीर आहे. तिथला स्टार्टरचा जुना डबा गंजून त्याचं दार लोंबत होतं. दिरांनी लगेच स्टार्टर नव्या डब्यात बसवला आणि आल्या-गेल्याला दाखवला. "बायकोच्या टिकलीचा डबा हाय," असं सांगायचे. नवराबायकोचं कौतुक चाललं होतं, आम्हीही बघत होतो.

दोन-चार दिवसांनी जेवताना दीर म्हणाले, "डबा जरा टोचतोय वैनी. बटन दाबलं की बोटाला मुंग्या येत्यात."

"तुमच्या बायकोचा हाय न्हवं? टोचनारच," मी म्हणाले. सगळे हसले. जाऊ तर इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्यानंतरच्या सोमवारी पुण्याहून चकत्या आल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर मी नवीन चकती लावून एक डबा भट्टीतून काढला आणि सहज तो टिकलीवाल्या शिल्लक डब्याशेजारी ठेवला. दोन्ही जागा चमकत होत्या. पण एकीची चमक कोरडी होती आणि दुसरीची तेल लावल्यासारखी. मी केसातली पिन काढली आणि घासली. चकतीच्या जागेवर पिन करकरली, पत्र्यावर ओरखडा उठला. टिकलीच्या जागेवर पिन घसरली. जोर देऊन पुन्हा ओढली तर पिनेपुढं पारदर्शक, मधाच्या रंगाचा एक पापुद्रा गोळा होत आला.

गोंद. भट्टीत वितळून पसरला होता आणि थंड झाल्यावर पत्र्यावर काचेसारखा बसला होता.

मी शेठना हाक मारली. त्यांनी मीटर आणलं. एक तार डब्याच्या कडेच्या रंग न लागलेल्या पत्र्याला लावली, दुसरी त्या चमकत्या जागेला. मीटर वाजायला हवं होतं. वाजलं नाही. पिनेनं खरवडलेल्या जागी तार ठेवली तेव्हा वाजलं. शेठचा चेहरा उतरला. त्यांनी तिथल्या तिथं गिऱ्हाइकाला फोन लावला. लॉट पिरंगुटला त्यांच्या गोदामात होता, अजून एकही डबा पुढं गेला नव्हता. "एकही बाहेर काढू नका," शेठ तीन-तीनदा सांगत होते, आणि मी मोठा श्वास सोडला.

तेवढ्यात जावेनं माझा दंड धरला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आक्का. आपला डबा."

मला तोवर सुचलंच नव्हतं. बोटाला मुंग्या येत्यात, हे वाक्य मला आता वेगळंच ऐकू आलं. त्या आठवड्यात शेतीची लाइट दुपारची होती. मोटारीला ऑटो बसवलेला, लाइट आली की ती आपोआप चालू होते, तिथं हात लावावा लागत नाही. पण बंद करायला बटण दाबावं लागतं. आणि दीर आज कांद्याच्या रोपाला पाणी देत होते, म्हणजे पायात काही नाही, घोट्यापर्यंत चिखल, हात ओले.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. दिरांचा फोन सदऱ्याच्या खिशात असतो आणि सदरा बाभळीच्या फांदीला. मी शेठना एवढंच म्हणाले, "बाकीचे डबे कुनाकुनाला दिलं त्यान्ला फोन करा, डब्याला हात लावू नका म्हनावं," आणि आम्ही दोघी पळत सुटलो.

शेडच्या जागेवरून पूर्वी आमचा तुकडा दिसायचा. हाक मारली तर ऐकू जाईल एवढा जवळ होता एके काळी, कारण मधलं सगळं आमचंच होतं. आता मध्ये एका गोदामाची भिंत आहे आणि तिच्यापुढं कुणा पुण्याच्या माणसानं घेतलेल्या प्लॉटचं तारेचं कुंपण. वाटेनं जायचं तर गावाला वळसा. आम्ही गोदामाच्या फाटकातून घुसलो. तिथला वॉचमन बाहेरगावचा, नवीन. तो आडवा आला.

"मॅडम, गेट पास?"

"गेट पास गेला चुलीत," मी म्हणाले. "करंट है, करंट! आदमी मर जायेगा!"

त्याला काय समजलं देव जाणे, पण तो बाजूला झाला. मागच्या भिंतीला एक लोखंडी दार आहे, त्याची कडी त्यानंच धावत येऊन काढली. पुढं तारेचं कुंपण. जाऊ खालून सरपटली, तिचा पदर काट्याला अडकला, तिनं तो फाडूनच ओढला. मी जाडी बाई. मला वर चढून पलीकडं पडावं लागलं. गुडघा फुटला हे मला घरी गेल्यावर कळलं.

आणि मग मोटारीचा आवाज ऐकू आला. चालू होती. त्या आवाजानं मला बरं वाटावं की भीती वाटावी हेच समजेना. चालू आहे म्हणजे त्यांनी अजून बटणाला हात लावलेला नाही. किंवा लावला असेल, आणि बंद करायच्या आत...

बांधावर चढलो तेव्हा दीर दिसले. वाफ्यात वाकून, पाणी पुढं वळवायला फावड्यानं दारं मोडत होते. उभे, धडधाकट, गुडघ्यापर्यंत चिखल. जाऊ ओरडली, "अवो! डब्याला हात लावू नगा!" मीही ओरडले. विहिरीच्या काठावर मोटार अशी घरघरत होती की आमचं आम्हालाही ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघी हात हलवत, ओरडत, पडत-झडत धावत होतो.

त्यांनी मान वर केली आणि आम्हाला पाहिलं.

कामाच्या वेळी दोन्ही जावा ऊर फुटेस्तोवर धावत येतायत, एकीचा पदर फाटलेला. गावात असं कुणी धावत आलं तर त्याचा अर्थ एकच असतो. त्यांनी फावडं टाकलं. कानाला हात लावून काय म्हणता असं विचारलं. आम्ही आणखी जोरात ओरडलो. आणि माणूस जे करील तेच त्यांनी केलं. आमचं बोलणं ऐकू यावं म्हणून ते मोटार बंद करायला निघाले.

आम्ही जेवढं ओरडत होतो तेवढे ते भराभर डब्याकडे चालले होते. मी हातानं नको नको करत होते आणि ते मान डोलावत होते, थांबा, बंद करतो, असं. डबा त्यांच्यापासून चार पावलांवर राहिला.

तेव्हा जाऊ पडली. धावता धावता एकदम, आडवी, ओल्या वाफ्यात. हात पसरलेले, तोंड चिखलात. हललीसुद्धा नाही.

दीर डब्यापाशी थबकले. हात उचललेला होता, तो तसाच राहिला. मग ते वळले आणि जे धावत सुटले ते रोपं तुडवत थेट तिच्यापर्यंत आले. त्यांनी तिला उताणी केली, तिच्या गालावर चापट्या मारल्या. "काय झालं गं? वैनी, काय झालं हिला?"

मी त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला. धापेमुळे मला एकच शब्द बोलता आला. "डबा."

जावेनं डोळे उघडले. चिखलानं भरलेल्या तोंडानं ती माझ्याकडे बघत म्हणाली, "पडले न्हाई आक्का. निजले. त्ये माज्याकडं येनार, म्हाईत व्हतं."

मी तिला शिवी दिली. काय दिली ते लिहिणार नाही. शिवी देता देता मला रडू फुटलं.

मी सगळं सांगितलं. दीर ऐकत होते आणि मधूनमधून डब्याकडं बघत होते. डबा विहिरीच्या काठावर लाकडी खांबाला टांगलेला, नवाकोरा, उन्हात चमकत होता. मी वायरमनला फोन केला. तो नेऱ्याला त्याच्या बहिणीकडं गेला होता, पण निघतो म्हणाला. तोवर कुणीही हात लावू नका. मोटार चालू राहू द्या.

मोटार चालूच राहिली. पाणी वळवायला आमच्यापैकी कुणी भीतीनं वाफ्यात उतरलं नाही. एक वाफा भरला, फुटला, दुसऱ्यात गेला. कालपरवा लावलेलं कांद्याचं रोप मुळासकट उचललं गेलं आणि पाण्यावर तरंगत ओढ्याच्या दिशेनं निघालं. ते रोप दिरांनी घरी वाढवलेलं होतं. ते उठले.

"कोरड्या बांबूनं बटन दाबतो. काय हुत न्हाई."

"बांबू कुटं कोरडा हाय?" जाऊ म्हणाली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं.

"अगं रोप चाललं माजं."

"जाऊंद्या."

आम्ही तिघं बांधावर बसून राहिलो. मध्ये शेठचा फोन आला. बाकीच्या डब्यांपैकी एकही अजून मोटारीवर चढला नव्हता. एकीनं तर त्यात खिळे आणि हातोडी ठेवली होती. मी ते या दोघांना सांगितलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

वायरमन आला. आधी त्यानं लांब दांड्याचा टेस्टर डब्याच्या दाराच्या कोऱ्या कडीला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. त्यानं पुन्हा टेकवला, पुन्हा लागला. तो टेस्टर खाली घेऊन दिरांच्या पायांकडं बघत राहिला.

"ह्या पायानं हितं हात लावला आसतात ना दादा..." एवढंच म्हणाला आणि ट्रान्सफॉर्मरकडं गेला. थोड्या वेळानं मोटार घरघरून थांबली. इतकी शांतता झाली की ओढ्याचं पाणी ऐकू येऊ लागलं. त्यानं परत येऊन डबा खोलला. वायर ज्या भोकातून आत जाते तिथं कडेला तिचं रबर कापलं गेलं होतं आणि तार पत्र्याला लागत होती. अर्थिंगचा बोल्ट घट्ट बसवलेला होता. त्याच्याखाली गोंद होता.

"कुनी केलं ह्ये काम?" त्यानं विचारलं.

शेडमधली चूक आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण जाऊ आधी बोलली.

"मी. माज्या हातानं."

वायरमननं बोल्ट सोडवायला घेतला. रोप गेलेलं रिकामं वावर समोर होतं. त्याकडं बघत दीर बसले, मग त्यांनी तिनं मघापासून धरलेलं मनगट हलकेच ओढून बघितलं. तिनं सोडलं नाही.

आमच्या घरात थोरल्या जावेसमोर नवऱ्याला असा हात लावायची रीत नाही. मी या घरात आल्यापासून सासूसासऱ्यांसमोर कधी माझ्या नवऱ्याच्या शेजारीसुद्धा बसले नाही. मला उठून जायला हवं होतं, निदान तोंड फिरवायला हवं होतं. मी बसून राहिले.

"लाइट गेली आता," दीर हळू आवाजात म्हणाले. "सोड की. वैनी हायेत. बांगडी रुततीया मला."

"रुतू द्या," ती म्हणाली.